पोच घेतली का?

परवा घाटंजी तालुक्यातल्या एका गावात बचतगटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब आटोपले, चहा झाला आणि विषय निघाला २०२०च्या टाळेबंदीचा. बाहेरगावी कमवायला गेलेली पोरं परत आली. शेतातलं काम तेवढंच, हात मात्र वाढले. मग बायांचं काम आधी गेलं. "तेव्हा रोजगार हमीचं काम मागितलं नाही का?" मी विचारलं. एकजण म्हणाली, "काम निघालंच नाही ताई, त मागू कायचं?"

या एका वाक्यात सगळं आलं. आपल्याला वाटतं, सरकार काम काढेल, मग आपण जाऊ. कायदा नेमका उलट होता. आपण मागायचं, म्हणून सरकारने काम काढायचं!

खरं तर ही कल्पना महाराष्ट्राचीच. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२च्या दुष्काळाने तिची गरज पटवली आणि १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली याच योजनेसाठी सुरू झाला. म्हणजे शहरातल्या मैत्रिणींनो, तुमच्या घरचाही यात वाटा आहे बरं! पुढे २००५ मध्ये केंद्राने कायदा केला. तो २००६ मध्ये ज्या दोनशे जिल्ह्यांत आधी लागू झाला, त्यांत आपलं यवतमाळ होतं.

त्या कायद्यात बाईचा विचार होता. मजुरी पुरुषाइतकीच. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, तर सांभाळायला एक बाई. अर्जानंतर पंधरा दिवसांत काम नाही, तर बेकारी भत्ता. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? तारखेच्या पोचपावतीपासून! बैठकीतल्या एकीकडेही ती नव्हती. कुणी तोंडीच सांगितलं होतं, कुणाला "कागद ठेवून जा" म्हटलं होतं. कागद नाही म्हणजे मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणजे गरजच नाही, असा हा हिशेब.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्यात कुटुंबाला वर्षाला शंभरऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. दिवस वाढले, चांगलंच. पण न मागितलेले दिवस शंभर काय नि सव्वाशे काय!

मग तिथेच सतरंजीवर आम्ही कामाचे अर्ज लिहायला बसलो. मघाच्याच बाईने अंगठ्याऐवजी सावकाश सही केली, कागद घडी घालून कमरेला खोचला आणि विचारलं, "पोच कोन देते, ताई?"