जुन्या जीपचा नवा पंखा

गाळप हंगाम सुरू झाला की बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याच्या रस्त्यावर गाडीचा वेग पुढची उसाची ट्रॉली ठरवते. माळेगाव कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि बाजू काढायला जागा नाही. इंजिन बदललेली जुनी जीप अशा वेळी हमखास तापते. तीच मोकळ्या रस्त्याला साठनं पळवली तर काटा जागचा हलत नाही. निम्मं निदान इथंच होतं. वेगात समोरचा वारा जाळीतून आपोआप घुसतो, पंख्याचं काम पडत नाही. थांबल्यावर तापते ती गाडी पंख्याची तक्रार करते. वेगात तापते तिचा रेडिएटर चोंदलेला असतो, नाहीतर पाण्याचा पंप गेलेला. हे न बघता नवा रेडिएटर बसवून पैसे घालवणारे कमी नाहीत.

मूळ जीपला ही भानगड नव्हती. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढं आलेल्या सीजे-३बीचं हरिकेन इंजिन एवढं उंच, की बॉनेटच वर उचलावं लागलं. पंखा पाण्याच्या पंपाच्या पुलीवर; इंजिन चालू तर पंखा चालू. मग डिझेल इंजिनं आली तरी पंखा पट्ट्यावरच राहिला. घोळ होतो तो अलीकडच्या कारचं इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या चेसिसवर चढवल्यावर. ते इंजिन बहुधा आडवं बसवायला घडवलेलं, त्याला पुलीवरचा पंखा मुळातच नाही. मग रेडिएटरला विजेचा पंखा बांधायचा, आणि इंजिनचं सगळं जुळवणाऱ्या फिटरला आता वायरमनची गरज लागते.

पंखा फिरत नाही म्हणून तो आधी बदलू नये. त्याचा सॉकेट काढून दोन्ही वायरी थेट बॅटरीला लावाव्यात. फिरला तर मोटर चांगली. लगेच जाळीच्या पुढून कागदाचा कपटा धरावा: रेडिएटरमागचा पंखा हवा आत ओढत असेल तर कपटा जाळीला चिकटतो, उडून आला तर वायरी उलट जोडल्यात. उलटा पंखा जोरात फिरतो, आवाज करतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडत बसतो.

यानंतर रिले. चार पायांची ही डबी साधी आहे. ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरीची वायर, ८७ वरून पंख्याकडे, आणि ८५-८६ मध्ये हुकूम देणारी बारीक वायरिंग. नव्या इंजिनात हा हुकूम बहुधा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, देतो, तोही अर्थ जोडून. जुन्या पद्धतीच्या वायरमनला तिथं प्लस शोधायची सवय असते, म्हणून टेस्ट लॅम्प पेटत नाही आणि ईसीयू जळाला असा निकाल लागतो.

माझ्या मते मात्र खरा गुन्हेगार बहुतेकदा अर्थ असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. रबरातून वीज जात नाही. मूळ गाडीत इंजिन आणि बॉडी जोडणारी जाड पट्टी असते, ती इंजिन उतरवताना जुन्या गाडीतच राहते. पंखा चालू असताना मल्टिमीटर बॅटरीवर १२.६ व्होल्ट दाखवतो आणि पंख्याच्या टोकांवर १०. मधले अडीच-तीन व्होल्ट गंजलेल्या जोडात आणि बारीक वायरीत खर्ची पडतात. पंखा फिरतोय असं डोळ्याला दिसतं, वारा मात्र पुरेसा निघत नाही. चेसिसचा रंग खरवडून, उघड्या लोखंडावर जाड पट्टी आवळली की त्याच पंख्याचा सूर बदलतो. जुना डायनामो ठेवला असेल तर दहा-पंधरा अँपिअर खाणारा पंखा आणि हेडलाइट मंद चालीत त्याला झेपत नाहीत. तिथं अल्टरनेटरच हवा.

‘डायरेक्ट करून टाक’ हा आपल्याकडचा जुना मंत्र. डॅशबोर्डला बटण, पंखा कायम चालू. बारामती गाठायला ठीक. पण बटण विसरलं तर बॅटरी उतरते, नाहीतर इंजिन उकळतं. थर्मोस्टॅट काढून फेकणं त्याहून वाईट. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो; नसला तर थंडीत इंजिन तापतच नाही आणि ईसीयू जास्त पेट्रोल ओतत राहतो.

एवढं जमलं तरी कागद राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते, आणि मूळ कंपनीनं ठरवलेल्या रचनेच्या बाहेरचे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. एमएच-४२ चं ऑफिस बारामतीतच आहे. गॅरेजात गाडी सोडण्याआधी तिथं विचारून यावं.