पार्किंग तळ्यावर, गाडी तळाशी

तळ्याच्या मधोमध पिकअप लावायची, बर्फाला ड्रिलने भोक पाडायचं आणि त्यात गळ सोडून बसायचं. अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिनमधला हा जानेवारीतला अगदी नॉर्मल शनिवार. मिनेसोटाच्या नंबरप्लेटवरच ‘10 हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. (खरा आकडा 11,842. एवढी नम्रता क्वचितच दिसते!) तळी गोठली की त्यांच्यावर चक्क रस्ते तयार होतात, खोपटी उभी राहतात, आत हीटर, बिछाने, कुणाचा टीव्हीसुद्धा. आणि दर हिवाळ्यात कुणाची ना कुणाची गाडी बर्फ फोडून खाली जाते.

तिकडे मास्टर्सला जाणार असाल तर एखादा रूममेट ‘चल, मासे धरायला’ म्हणेलही. जायला हरकत नाही, पण आधी विचारा, बर्फ किती इंच?

कारण सगळा खेळ जाडीचा. मिनेसोटाचा निसर्ग विभाग सांगतो, पायी जायला किमान 4 इंच, छोट्या कारला 9 ते 10 आणि पिकअपला 13 इंच. जाडी दुप्पट झाली की बर्फ साधारण चौपट वजन पेलतो. याचा उलटा अर्थ जास्त महत्त्वाचा: जाडी निम्मी झाली की ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. तळ्याचा बर्फ सगळीकडे सारखा नसतो. झरा, ओढ्याचं तोंड, पुलाखालची जागा इथे तो पातळ असतो. शिवाय हे आकडे नितळ, कडक बर्फाचे. बर्फवृष्टी भिजून गोठल्यावर बनलेला पांढरा बर्फ कमकुवत, त्याला दुप्पट जाडी लागते.

गाडी जोरात नेली तरी घोळ. तिच्या वजनाने बर्फ किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. किनाऱ्यापाशी ती लाट आपटली की बर्फ फुटू शकतो. म्हणून तिथे हळू चालवतात. आणि एका जागी उभी केली तर? तेव्हाही बर्फ हळूहळू खचत राहतो. सकाळी पेललेली गाडी संध्याकाळी पेलेलच असं नाही. 2016 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हाला हिवाळी उत्सवासाठी आलेल्यांनी तळ्यावरच, एकमेकींना खेटून गाड्या लावल्या. डझनाहून जास्त गाड्या पाण्यात गेल्या. सुदैवाने आत कुणी नव्हतं.

आत माणूस असेल तर मात्र मिनिटांचा हिशेब असतो. गाडी थोडा वेळ तरंगते, तेवढ्यात खिडकीतून बाहेर यायचं. दारं पाण्याच्या दाबाने उघडत नाहीत. म्हणून जाणकार बर्फावर जाताना काचा खाली ठेवतात आणि सीटबेल्ट चक्क काढून टाकतात. गारठलेल्या पाण्यात पहिलं मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास सांभाळायचा. त्यानंतर हातपाय चालायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. ज्या दिशेने आलो तिकडचा बर्फ गाडीने तोललेला असतो, म्हणून तिकडूनच वर चढायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं.

जीव वाचला की बिल येतं. मिनेसोटात बुडालेली गाडी 30 दिवसांत बाहेर काढणं मालकाला बंधनकारक आहे, कारण आतलं पेट्रोल, ऑइल तळ्यात उतरतं. मग पाणबुडे खाली जाऊन पट्टे बांधतात, चेनसॉने बर्फ कापून मोठं भोक करतात आणि विंचने गाडी ओढतात. विम्याचंही आपल्यासारखंच, नुसता थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. बाहेर आलेली गाडी बहुतेक वेळा भंगारातच जाते.

तिकडच्या काही गावांनी यातूनही धमाल काढली. इंजिन आणि ऑइल काढलेली खटारा गाडी साखळीला बांधून बर्फावर सोडायची आणि ती कोणत्या दिवशी, किती वाजता बुडेल याची तिकिटं विकायची. पैसे गावच्या कामाला. बुडाली की साखळी ओढून गाडी परत किनाऱ्यावर.