बंदुकीची खोड

गेल्या वर्षी नवेगाव बांधच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, मी दहा छर्रे मारले, एकही फुगा फुटला नाही. फुग्यांची फळी फार तर दहा फुटांवर. मागे उभ्या पोरांनी आधी हसून घेतलं, मग सल्ले दिले. शेवटी दुकानवाल्याने बंदूक माझ्या हातून घेतली, मोडून छर्रा कोंबला आणि फारसा नेम न धरताच लाल फुगा फोडला. मग त्याच्या शेजारचा पिवळा. "हिची खोड माहीत पायजे जी," तो म्हणाला. "डाव्या बाजूनं वढते हे. तुमी सरळ धरता, म्हणून चुकते."

रात्री दंडार हे लोकनाट्य बघतानाही ते वाक्य डोक्यातून जाईना. फुगेवाल्याचं ठीक आहे, त्याची बंदूकच वाकडी. पण ज्यांच्या हातात लाखांची, निर्दोष रायफल असते, त्यांचं काय चुकत असेल? ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ऑक्टोबर २०२२मध्ये, अठराव्या वर्षी, कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात जगज्जेता ठरलेला तो दुसराच भारतीय. सुवर्णपदकाच्या लढतीत तो इटलीच्या डॅनिलो सोलाझोच्या मागे पडला होता. तिथून १७-१३ असा जिंकला. मागे पडलं की हात कसा थरथरतो ते मला मंडईत चांगलंच कळलं होतं, आणि तिथे तर नुसते फुगे होते. ह्या पोराचा हात ठरला कसा? म्हणून नागपूरच्या एका रेंजवर दोन दिवस जाऊन बसलो.

एक कबुली आधीच देतो. आमच्या भागात छर्ऱ्याची बंदूक म्हणजे काही खेळ नव्हता. लहानपणी पिंपळावर हरियल उतरले की कुणीतरी घरातून ती काढायचा. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, पाखरं मारण्याविरुद्ध १९७२चा कायदा आहे, हे सगळं फार नंतर कळलं. तलावाच्या काठी वाढलेल्या, अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला या बंदुकीचं प्रेम असण्याचं कारण नाही. रेंजच्या पायऱ्या चढताना ती अढी मनात होतीच.

आत शिरल्यावर आधी जाणवला तो वास. बंदुकीच्या दारूचा नव्हे. इथे दारू नसतेच, नळकांड्यात दाबून भरलेली हवा छर्रा ढकलते. हा वास घामाने भिजून वाळलेल्या जाड कॅनव्हासचा होता, पावसाळाभर दप्तरात राहिलेल्या रेनकोटसारखा. नेमबाजांची जॅकेटं पुठ्ठ्यासारखी कडक, पँटही तसलीच, बूट सपाट तळाचे. त्यात माणूस बदकासारखा चालतो. घरी आल्यावरही तो वास माझ्या शर्टाला होता.

तिसऱ्या लेनवर अकरावी-बारावीतली एक मुलगी उभी होती. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेलं, पाठ मागे झुकलेली. साडेपाच किलोपर्यंतची ही रायफल हाडांवर तोलायची असते. स्नायूंच्या जोरावर धरली तर ते दमतात आणि थरथरायला लागतात. तिने गाल टेकवला, श्वास सोडला आणि थांबली. मीही नकळत श्वास धरला. पाच सेकंद, सात, आठ. आणि तिने रायफल खाली घेतली. छर्रा तसाच आत.

पुन्हा उचलली, पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मागे खुर्चीत बसलेले प्रशिक्षक मात्र खूश दिसत होते. "ही तिची वर्षभराची कमाई आहे भाऊ," ते म्हणाले. "मागच्या वर्षी तिन्ही वेळा मारून मोकळी झाली असती."

आठ-दहा सेकंदांच्या पुढे रायफल धरून ठेवली की डोळ्यासमोरचं चित्र विरघळायला लागतं, शरीर हवा मागतं, आणि नेमक्या त्याच वेळी बोट घाई करतं. तेव्हा खाली घ्यायची. सांगायला सोपं आहे. साठ नेम, पंच्याहत्तर मिनिटं, भिंतीवर घड्याळ उलटं पळतंय, शेजारच्या लेनवरून ठक्-ठक् आवाज येतोय, आणि आपण मात्र उचललेली रायफल परत ठेवतोय.

"दहाचा ठिपका केवढा असतो, सांगा?" प्रशिक्षकांनी विचारलं आणि माझी वाट न बघता सांगून टाकलं, "अर्धा मिलिमीटर." दोन दिवसांत हा आकडा मी किमान सहा वेळा ऐकला. एका वडिलांना सांगताना, कंटाळलेल्या एका मुलाला दटावताना, चहा घेऊन आलेल्या पोऱ्यालासुद्धा. अर्धा मिलिमीटर. गंमत अशी की दहा मीटरवरून तो दिसतच नाही. नेमबाजाला दिसतो फक्त काळा गोल. तो पुढच्या कडीत बसवायचा आणि भोवतीची पांढरी कड सगळीकडून सारखी ठेवायची. न दिसणाऱ्या ठिकाणी मारायचं. नजर तीक्ष्ण हवी, हा माझा समज तिथेच गळाला. त्या रेंजवर निम्म्या पोरांना चष्मा होता.

पूर्वी ठिपक्याला छर्ऱ्याची कड लागली तरी पुरे दहा मिळत. २००४मध्ये क्वालालंपूरला सुमा शिरूर यांनी चाळीसच्या चाळीस दहा मारून ४०० पैकी ४०० केले होते. आता दहाचेही दहा भाग पाडलेत, १०.० ते १०.९; पाव मिलिमीटर सरकलं की एक दशांश गेला. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रुद्रांक्षने साठ नेमांत ६३२.५ केले. म्हणजे नेमामागे साडेदहा, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून सरासरी एक-सव्वा मिलिमीटरवर. आमच्या चिन्नोर तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढीही चूक नाही.

दुपारी त्या मुलीच्या रायफलच्या नळीला एक छोटं यंत्र लावलं. संगणकाच्या पडद्यावर नळीचं टोक कुठेकुठे फिरतंय त्याची रेघ उमटायला लागली. एवढी स्थिर उभी असलेली पोर, आणि पडद्यावर गुंता झालेला दोरा! मधेच बारीक उचक्या. "ते तिचं हृदय," प्रशिक्षक म्हणाले. "ते काही थांबवता येत नाही. कुणीच स्थिर नसतं. प्रत्येकाची डुलण्याची एक खोड असते, ती ओळखायची. हिची दुसरी खोड म्हणजे एक नेम चांगला लागला की पुढचा उरकायचा."

खोड. मी वहीत तो शब्द दोनदा लिहिला.

ती ओळखायला घरी कोऱ्या भिंतीसमोर छर्रा न घालता तासभर नुसतं उभं राहायचं, रोज. सोळाव्या-सतराव्या वर्षी हे कोण करतं? चॅम्पियन करतो, आणि फरक तिथेच पडतो, असं माझं मत झालं. अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या, सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी खेळल्या आणि २००२मध्ये म्युनिकला स्त्री-पुरुष एकत्र अशा लढतीत 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरल्या. नाशिकला भीष्मराज बाम या माजी पोलीस अधिकाऱ्याने नेमबाजांना योग आणि एकाग्रतेचे धडे दिले, तेव्हा अनेकांना ते थोतांड वाटलं असेल. पडद्यावरचा तो दोरा बघितल्यावर मला नाही वाटलं.

तरी हे सगळं करूनही हमी नाही. रुद्रांक्षने देशाला पॅरिस ऑलिम्पिकचा कोटा मिळवून दिला आणि निवड चाचण्यांनंतर तो स्वतः पॅरिसला गेला नाही. गेलेल्यांपैकी अर्जुन बबुता चौथा आला.

आणि पैसा. चांगली रायफल दोन-तीन लाखांच्या घरात, जॅकेट-पँट वेगळी. राधानगरीतल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकू शकला, कारण लहान वयात सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पोचला. एअर रायफलला जागा तर दहा मीटरच लागते. तेवढा व्हरांडा आमच्याकडच्या कुठल्याही शाळेला आहे; पण नवेगावच्या पोरांनी बंदूक धरावी ती मंडईतच.

यंदा पुन्हा गेलो. तोच दुकानवाला, तीच बंदूक. थोडी उजवीकडे धरली, श्वास सोडला, नळी डुलत राहिली. खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली.

"मारा ना जी," तो वैतागला, "मागं लाइन लागली हाये."

दहापैकी सहाच छर्रे मारून झाले. फुगे तीन फुटले.