आउटड्राइव्ह का गंजतो?

आउटड्राइव्ह म्हणजे बोटीच्या आतल्या इंजिनाला जोडलेला, मागून पाण्यात उतरणारा भाग. व्होल्व्हो पेंटाने तो १९५९ मध्ये बाजारात आणला.

त्याचं कवच ॲल्युमिनियमचं, प्रोपेलर बरेचदा स्टेनलेस स्टीलचा. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. म्हणून कवचावर ॲनोड बसवतात: समुद्रात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. आधी ते झिजतात, कवच टिकतं. ॲनोडला रंग लावला, तर तो निकामीच.

रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा असाच जस्त-लोखंड जोडून वाचवला. तांबं टिकलं, पण तळावर शेवाळ आणि बार्नाकल (चिकटून वाढणारे कवचधारी समुद्री जीव) माजले. विरघळणारं तांबंच त्यांना दूर ठेवत होतं! गंज आणि जीववाढ यांचं हे नातं फार विलक्षण आहे.

तेच तांबं ॲल्युमिनियमचं मात्र वैरी. त्यामुळे जीववाढ रोखणारा क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याचा, रंग आउटड्राइव्हला चालत नाही, ॲल्युमिनियमसाठीचाच घ्यावा.

बार्नाकल पाणी खेचणारी भोकं बुजवतात, इंजिन तापतं. बोट आणि आउटड्राइव्ह यांच्यामधले रबरी बेलोज (घड्यांच्या नळ्या) बार्नाकलच्या धारदार कवचांनी फाटले, तर पाणी आत शिरतं आणि बोट बुडूही शकते. बोट वर काढाल तेव्हा आधी बेलोज तपासा आणि निम्मे झिजलेले ॲनोड बदला.