पुश पोल घेताय? मग हे वाचा

फ्लोरिडा कीजच्या उथळ पाण्यात बोनफिश शोधायचा तर इंजिन बंद आणि होडी ढकलायचा पोल हातात. सोळा-सतरा फुटी स्किफला, म्हणजे उथळ पाण्यातल्या छोट्या होडीला, 18 ते 21 फुटी पोल बरा पडतो. फायबरग्लास स्वस्त, दणकट, पण जड. दुपारपर्यंत खांदे भरून येतात. ग्राफाइट हलका, ताठ आणि खिशाला चाट लावणारा. परवडत असेल तर डोळे झाकून ग्राफाइट. पोलचं दुबेळकं टोक चिखलात फारसं रुतत नाही. अणकुचीदार टोक वाळूत रोवून होडी थांबवता येते.

ट्रेलरवर नेताना नुसत्या होल्डरच्या भरवशावर राहू नका, पट्ट्याने आवळा. घासणाऱ्या जागी फडकं गुंडाळा. खोल ओरखडा पडला की ग्राफाइट तिथेच मोडू शकतो. पोल मागे चार फूट किंवा जास्त बाहेर आला, तर लाल कापड बांधाच. फ्लोरिडात तो कायदा आहे.