आधी गुऱ्हाळावर जा, मग यंत्र काढा

कोल्हापूर भागातल्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला मी उद्योजकता शिकवते. मुलं पहिल्याच तासाला कल्पना घेऊन येतात: ॲप, ड्रोन, सेन्सर. कुणाकुणाच्या लॅपटॉपवर पुढच्या पाच वर्षांच्या नफ्याचा तक्ताही तयार असतो. तो मी बंद करायला लावते. सुरुवातीचे काही आठवडे काही बनवायचं नाही. ज्याच्यासाठी बनवायचं, त्याच्या कामाच्या जागी जाऊन बसायचं.

एका गटाला गुळाच्या काहिलीसाठी तापमान दाखवणारं उपकरण करायचं होतं. विचार पक्का होता. रस आटत साधारण ११५ ते ११८ अंश सेल्सिअसला आला की काहील उतरवायची. उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर ढेप मऊ राहते. ऐन हंगामात मुलं गुऱ्हाळावर गेली. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळांनो, पाक आलेला माझ्या गुळव्याला कळतोय की. चुलवाणाम्होरं बसून चिपाड सारायला माणूस मिळंना, त्याचं काय ते बघा."

गुळव्या पाक पाण्यात सोडून बोटांनी गोळी करून बघत होता. उपकरण जे सांगणार होतं ते त्याच्या बोटांना आधीच कळत होतं, आणि त्यासाठी मालक वेगळे पैसे मोजणार नव्हते. पण झळीत बसून वाळकं चिपाड सारणारा माणूस एक दिवस आला नाही, तर आदण निघत नाही आणि तोडून आणलेला ऊस नुसता वाळत पडतो. मुलं संध्याकाळपर्यंत तिथंच थांबली. चिपाड किती वेळानं घालतात, ओलं निघालं तर जाळाचं काय होतं, राख कोण काढतं, हे सगळं वहीत उतरवलं. पुढच्या तासाला सेन्सरचा विषय कुणी काढला नाही. चिपाड आत ढकलणाऱ्या साध्या पट्ट्याचं चित्र फळ्यावर आलं. मग ती दुसऱ्या गुऱ्हाळावर गेली. तिथं घरचीच माणसं राबत होती, मजुराची अडचण नव्हती. वर त्यांनी विचारलं, हंगाम संपल्यावर तुमचं यंत्र नुसतं पडूनच राहणार ना? किंमत त्या हिशेबानं लावावी लागणार, हे मुलांना तिथं समजलं. माझ्या व्याख्यानातून ते इतकं पटलं नसतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ साली याच धर्तीचा वर्ग सुरू केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं संशोधकांसाठी ही पद्धत उचलली. तिथं प्रत्येक गटाला शंभरेक संभाव्य ग्राहकांशी स्वतः बोलावं लागतं.

मला मात्र वर्गात लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल बोलायला जास्त आवडतं, कारण ते मुळात माझ्याच पेशातले. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि भावाबरोबर सायकलींचा धंदा करू लागले. पुढं कडबा कापायचं यंत्र काढलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष चढतं असा शेतकऱ्यांचा समज होता; पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. १९१० साली औंध संस्थानात त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, ती या सगळ्यानंतर. मी मुलांना विचारते, त्या दोन वर्षांत कामगारांचा पगार कुठून दिला असेल?

तिथून आम्ही पैशांवर येतो, आणि इथं मी मुद्दाम रेंगाळते. अभियांत्रिकीच्या मुलांना बेअरिंगचा भार दशांशापर्यंत काढता येतो, पण वस्तूची किंमत ठरवताना ती स्वतःचे तास धरत नाहीत, वीज आणि टेम्पोचं भाडं विसरतात, वाया गेलेला माल तर कागदावर येतच नाही. उधारीची त्यांना कल्पनाच नसते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या कुणालाही विचारा: माल गेला, बिल गेलं, पैसे कधी? २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. हे मी पाठ करून घेते. पण रोजच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडं व्याज मागायचं की पुढची ऑर्डर सांभाळायची, यावर वर्गात तास संपेपर्यंत वाद चालतो. तो चालू द्यावा असं माझं ठाम मत आहे.

आईवडिलांची भीती मला कळते. कर्ज काढून शिकवलेल्या मुलीनं नोकरी सोडून भट्टीपुढं उभं राहावं, असं कोण म्हणेल? म्हणून मी कुणालाही धंदा काढ असं सांगत नाही. नोकरी धरलेल्या मुलीलाही खर्चाचा हिशेब आणि गिऱ्हाइकाची अडचण ओळखता आली, तर कारखान्यात तिचं म्हणणं ऐकलं जातं.

विद्यापीठाकडं माझं एकच मागणं आहे. या विषयाचे निम्मे गुण लेखी परीक्षेतून काढून प्रत्यक्ष भेटींच्या वहीला द्या, आणि महाविद्यालयांच्या कार्यशाळा संध्याकाळी उघड्या ठेवायला सांगा. लेथ, मिलिंग, वेल्डिंगची यंत्रं पाच वाजता कुलपात जातात, आणि पट्ट्याचा पहिला नमुना करायला मुलांना उद्यमनगरात पैसे मोजावे लागतात.