पोंगा ओढला, पण अळी गेली का?

सभासद बंधूंनो, नागपूरकडचा उन्हाळा तुम्हांस सांगायला नको. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस कोवळा असतानाच ऊन तापते आणि खोडकिडीचे फावते. हिचा पतंग लहान, वाळल्या गवताच्या रंगाचा. ज्वारी-मक्यावरही ही कीड जगते.

मादी पानाच्या खालच्या अंगाला खवल्यांसारखी ओळीने अंडी घालते. अळी जमिनीलगत कोंबाला भोक पाडून आत शिरते. मग पोंगा वाळतो, ओढला की सहज हाती येतो, घाण वास मारतो. पुष्कळ जण तेवढ्यावर थांबतात. पण अळी बुडख्यात राहिली तर शेजारचा कोंबही जातो आणि तोडणीला उसांची संख्या घटते. म्हणून कोंब जमिनीलगत कापून अळीसह नष्ट करा. दीड महिन्याच्या सुमारास बाळबांधणी करा, सरीत पाचट पसरा.

ट्रायकोकार्डातील चिमुकली माशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. कार्डे लावून लगेच विषारी औषध फवारले तर तीच मरते. ही घाई एकदा आम्हीही केली; कार्डे फुकट गेली.

उद्या पाणी धरायला जाल तेव्हा दहा-वीस पाने उलटून पाहा. अंडी दिसली तर गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास लगेच कळवा.